होमस्कूलिंग करणाऱ्या मुलांना चित्र बघायला आणि गाणं ऐकायला कसं शिकवावं?

तुमचा प्रश्न लांबलचक आहे, म्हणून इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: तुम्ही घोडबंदर रोडला राहता, मुलगा बारा वर्षांचा आणि मुलगी तेरा, दोघंही घरीच शिकतात. गणित-विज्ञानाची घडी बसलीय. आता चित्र आणि संगीताची जाण यावी असं वाटतं, पण "आम्हा नवरा-बायकोला यातलं ओ की ठो कळत नाही, तेव्हा क्लास लावू की ऑनलाइन कोर्स विकत घेऊ?"

दोन्ही नको. निदान पहिलं वर्षभर तरी नको.

मी नेरूळला राहते. माझी दोन्ही मुलं घरी शिकून मोठी झाली आणि आता शनिवारी सकाळी आमच्या हॉलमध्ये आजूबाजूची अशीच पाच-सात मुलं जमतात. मी चित्रकार नाही, गायिका तर नाहीच. क्लासला माझा विरोध नाही, पण क्लासमध्ये काढायला आणि गायला शिकवतात. तुम्हाला हवंय ते बघणं आणि ऐकणं. गडकरी रंगायतनला मैफल असली की पहिल्या चार रांगांत बसलेल्या आजी-आजोबांकडे बघा. त्यातल्या कित्येकांनी जन्मात पेटीला हात लावलेला नसेल, पण चुकीच्या जागी दाद देणार नाहीत. ऐकून ऐकून कान तयार झालेले असतात. या वयाच्या मुलांचे कान आणि डोळे तसेच तयार होतात, आणि त्यासाठी फार थोड्या गोष्टी पुन्हा पुन्हा समोर याव्या लागतात. कोर्सवाले नेमकं उलटं करतात: चाळीस चित्रकार, वीस वाद्यं, शेवटी प्रश्नमंजूषा. मुलं जन्मसाल पाठ करतात आणि चित्र विसरतात.

तुम्हाला काही येत नाही याचा तर फायदाच आहे. ज्याला येतं तो सांगत सुटतो. (आमच्याकडे एक हौशी काका यायचे. सगळं ज्ञान पहिल्या पाच मिनिटांत ओतून मोकळे व्हायचे आणि मुलं पंख्याकडे बघत बसायची.)

चित्रापासून सुरुवात करा. सावळाराम हळदणकरांचं दिवा घेतलेल्या बाईचं चित्र तुम्ही नक्की पाहिलं असेल, निदान कॅलेंडरवर किंवा कुणाच्या तरी दिवाणखान्यात. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, आणि ते जलरंगात आहे. मोठ्या पडद्यावर ते लावा आणि दोन मिनिटं कुणीही बोलायचं नाही असं ठरवा. मग पडदा बंद करून विचारा, काय काय होतं? मुलगा म्हणेल बाई होती, दिवा होता. मुलगी म्हणेल साडीचा काठ असा होता. भांडू द्या. मग चित्र पुन्हा लावा. ही पद्धत माझी नव्हे. शार्लट मेसन नावाच्या इंग्रज शिक्षणतज्ज्ञ बाई होत्या (१८४२ ते १९२३), होमस्कूलिंगवाल्यांत त्यांचं नाव सतत कानावर येतं, त्यांची ही युक्ती. त्या एका शैक्षणिक सत्रात, म्हणजे काही महिने, एकच चित्रकार घ्यायच्या, आणि मला वाटतं त्यांच्या सगळ्या सल्ल्यांत हाच सोन्यासारखा आहे.

दुसऱ्या फेरीत तीनच प्रश्न. इथे काय चाललंय? कशावरून म्हणतोस? अजून काय दिसतंय? यातला मधला सगळ्यात महत्त्वाचा. "ती वाट बघतेय" असं मुलगी म्हणाली की लगेच "कशावरून?" मग ती डोळ्यांकडे जाईल, मानेच्या कलाकडे जाईल. "रात्र आहे" म्हणाली तर कशावरून? खिडकी तर नाही चित्रात. मग हळूच उजेड कुठून येतो ते शोधायला सांगा. दिव्याआड धरलेल्या हाताच्या बोटांतून लालसर प्रकाश झिरपतोय, हे एकदा का मुलांना स्वतःहून दिसलं, की संध्याकाळी ती घरातले दिवे मालवून मोबाइलच्या टॉर्चवर स्वतःचे हात धरून बघतात. करू द्या. जलरंगात पांढरा रंग शक्यतो वापरत नाहीत, उजळ जागा म्हणजे मोकळा ठेवलेला कागद, हे त्या वेळी सांगितलं तर डोक्यात राहतं. आधी सांगितलं तर वाया जातं.

"आवडलं का?" हा प्रश्न मात्र विचारू नका. त्याला उत्तर एकच असतं, "हो, छान आहे", आणि विषय संपतो. "यातलं काय काढून टाकलं तर चित्र बिघडेल?" असं विचारून बघा. न आवडण्याचीही मुभा हवी, फक्त कारण द्यायचं.

अमूर्त चित्रांपाशी, म्हणजे ज्यांत ओळखीची वस्तू किंवा माणूस दिसत नाही तिथे, गाडी अडतेच. वासुदेव गायतोंड्यांचं चित्र दाखवलं की "हे तर मीपण काढेन" असं कुणीतरी म्हणणारच. काढ म्हणावं. गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफ वापरून रंगाचे थर लावायचे, काढायचे, पुन्हा लावायचे. जुन्या वर्तमानपत्रावर स्वस्तातले रंग, एक छोटा रोलर, आणि पत्त्यांच्या कॅटमधला जाड पत्ता खरवडायला. तासाभराने त्याचं मत काय होतं ते बघा. २०१५ साली मुंबईच्या लिलावात त्यांचं एक चित्र २९ कोटींवर गेलं होतं. ही किंमत चुकूनही आधी सांगू नका, मग मुलं चित्राऐवजी पैसेच बघत बसतात.

छापील चित्रं आणि पडदा पुरत नाही, महिन्यातून एकदा घराबाहेर पडायलाच हवं. ठाण्याहून सगळ्यात सोपं म्हणजे भायखळा. स्टेशनच्या पूर्वेला राणीच्या बागेत भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ मध्ये सुरू झालेलं. आत जुन्या मुंबईतल्या धंदेवाल्यांच्या, जातीजमातींच्या मातीच्या प्रतिकृती आहेत, त्यांची पागोटी बघण्यातच मुलांचा अर्धा तास जातो. बाहेर दगडी हत्ती उभा आहे, घारापुरीचा. त्याच्यावरूनच त्या बेटाला पोर्तुगीजांनी एलिफंटा हे नाव दिलं. इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. पुढे ते जोडले. मुलांना जोड शोधायला सांगा. एका फेरीत तीन वस्तूंपेक्षा जास्त "नीट" बघायच्या नाहीत, बाकी येता-जाता. काळा घोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात तर हा नियम पाळलाच पाहिजे, नाहीतर पाय गळतात आणि लघुचित्रांच्या दालनात मुलं बाक शोधतात. त्याच्या शेजारी जहांगीर आर्ट गॅलरी. प्रवेश फुकट, सकाळी ११ ते संध्याकाळी ७. तिथली खरी मजा अशी, की बहुतेक वेळा चित्रकार स्वतः खुर्ची टाकून बसलेला असतो. तेरा वर्षांच्या मुलीने जाऊन "हा कोपरा रिकामा का ठेवलात काका?" विचारलं तर माणूस खूश होतो. मी अजून तरी कुणाला वैतागलेलं पाहिलं नाही.

आता गाणं. इथे आईबाप जास्त घाबरतात, कारण राग म्हटलं की परीक्षाच वाटते. तर एक राग घ्या, भूप. सा रे ग प ध, पाचच स्वर. महिनाभर तोच. सुरुवातीला पाऊण तासाचा विलंबित (संथ लयीतला) ख्याल लावू नका, मोठी माणसंही त्यात पेंगतात. गीतरामायणातलं अगदी पहिलं गाणं, कुश-लवांचं, ते भूपात आहे. १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवरून ते पहिल्यांदा वाजलं, तुमच्या घरातल्या आजीला ते पाठ असेल. ते आठवडाभर ऐका. मग एखादी द्रुत (जलद लयीतली) बंदिश किंवा तराणा. मग किशोरी आमोणकरांचा भूप, तोही आधी शेवटची दहा मिनिटं, मग हळूहळू मागे मागे.

आणि हा खेळ कराच. घरी पेटी किंवा कीबोर्ड असेल तर उत्तम, नसेल तर फोनवरचं कीबोर्डचं ॲप चालेल. सोबत दुसऱ्या फोनवर तंबोऱ्याचं ॲप. काळ्या पट्ट्या दोनच्या आणि तीनच्या गटांत असतात. तीनच्या गटातली पहिली ती काळी तीन. तंबोरा काळी तीनला लावा आणि तिथून सा धरून फक्त काळ्या पट्ट्या ओळीने वाजवा. भूपाचे स्वर आले. आता पट्ट्या त्याच ठेवा, फक्त तंबोरा काळी पाचला न्या, म्हणजे त्याच गटातली शेवटची, आणि तिथून सुरुवात करा. मालकंस रागाचे स्वर! तंबोरा आणि सुरुवात दोन्ही काळी एकला, म्हणजे दोनच्या गटातल्या पहिलीला, नेलीत तर दुर्गा रागाचे. एकही पट्टी बदललेली नाही, फक्त सा हलला आणि सगळा रंगच पालटला. याला मूर्च्छना म्हणतात, पण नाव नंतर. आमच्याकडे हे पहिल्यांदा केलं तेव्हा एक पोरगा तंबोरा बंद-चालू करून खात्री करत बसला होता, की काहीतरी लबाडी आहे.

त्याच दिवशी हेही सांगून टाका की स्वर म्हणजे राग नव्हे. देशकार नावाच्या रागात भूपाचेच पाच स्वर आहेत. पण भूप गंधाराभोवती (ग) रमतो, खालच्या अंगाला, आणि रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात. देशकार धैवतावर (ध) जोर देतो, वरच्या अंगाला राहतो, सकाळचा. दोन्हींच्या पाच-पाच मिनिटांच्या ध्वनिफिती शोधून नाव न सांगता लावा. कुठला कुठला ते ओळखलं नाही तरी चालेल, "हा वरवर हिंडतो" एवढं म्हणाली तरी कान उघडला म्हणायचा.

ताल त्याहून सोपा. तीनतालाच्या सोळा मात्रा: एक, पाच आणि तेराला टाळी, नऊला टाळी नाही, नुसता हात उलटा, तिला "खाली" म्हणजे रिकामी म्हणतात. जेवणाच्या टेबलावर बसून तबल्याची कुठलीही ध्वनिफीत लावा आणि सगळ्यांनी हातावर धरा. गायक ताना घेत कुठेही गेला तरी समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येतो की नाही यावर पैज लावा. आमच्या घरी भांडी घासायची पाळी यावर ठरायची. नंतर रूपक लावा, सात मात्रांचा, जो "खाली"नेच सुरू होतो. मुलांना असले नियम मोडणारे प्रकार फार आवडतात.

ठाणे महापालिका दरवर्षी पं. राम मराठे स्मृती संगीत महोत्सव भरवते, जाहिरात पेपरात येते, लक्ष ठेवा. मुलांना संपूर्ण मैफलीला बसवू नका. एक कलाकार ऐकून उठायचं, असं आधीच सांगा आणि कडेच्या खुर्च्या पकडा.

चित्र आणि गाणं वेगवेगळ्या तासांत वाटून टाकण्याची गरज नाही, आणि याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. पालघर २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होतं. वारली लग्नात सवाशिणी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक (लग्नाचं चौकोनी चित्र) लिहितात, मधे पालघट देवी, आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. तिच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही. इकडे आमच्या नवी मुंबई-रायगडच्या आगरी लग्नांतही धवलारीण धवले गाते. तुमच्या ओळखीत कुणी आगरी कुटुंब असेल तर त्यांच्या आजीला गाठा, कुठलाही कोर्स त्याच्या पासंगालाही पुरणार नाही. मग जिव्या सोमा मशे यांची चित्रं दाखवा. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. तारपा नाचाच्या चित्रात वाजवणारा मधे आणि नाचणाऱ्यांची साखळी गोगलगाईसारखी त्याच्याभोवती. तारप्याची ध्वनिफीत लावून चित्र बघा: भोपळा आणि बांबूचं वाद्य, धून न थांबता चालूच. साखळी वर्तुळात बंद का केली नाही, हा प्रश्न टाका आणि गप्प बसा. शेवटी सोसायटीच्या लिफ्टजवळ स्टेन्सिलने ठोकलेली वारली नक्षी असेलच, ती आणि मशेंचं चित्र शेजारी ठेवून फरक काढायला सांगा. आमच्या मुलांनी काढलेला पहिला फरक: "लिफ्टवाली माणसं काहीच काम करत नाहीत."

नवी मुंबईला कधी आलात तर बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज पायी फिरा, चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात आखलेलं. घरांचे छोटे पुंजके आणि प्रत्येकाच्या मधे एक अंगण. वास्तुकलाही बघायचीच असते, आणि इथे तिकीट नाही.

एक अट मात्र घाला स्वतःला. एक आठवडा तुमचं, एक आठवडा मुलांचं. मुलगी जो कोरियन बँड ऐकते तो तिने तुम्हाला ऐकवायचा आणि तुम्हीही "कशावरून" चालवून घ्यायचं: ताल कुठे तुटतो, कुठलं वाद्य मागे आहे, हे कडवं परत का आलं. तिच्या गाण्याला तोंड वाकडं केलंत तर भूपालाही ती तेच करेल.

परीक्षांचं विचारलंत म्हणून: एलिमेंटरी-इंटरमिजिएट किंवा गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा चांगल्या आहेत, पण त्या हाताच्या आणि गळ्याच्या. मुलाला स्वतःला काढावंसं वाटू लागलं की मग बघा. एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) दहावी करणार असाल तर तिथे चित्रकला हा विषय घेता येतो, एवढं लक्षात असू द्या.

या शनिवारी दिव्याचं चित्र आणि काळ्या पट्ट्या एवढंच करा, दोन्ही मिळून तासभर. आणि भायखळ्याला बुधवारी जाऊ नका, संग्रहालय बंद असतं.