डिजिटल लॉजिक शिकायला ब्रेडबोर्ड लागतोच का, की सिम्युलेटरवर भागतं?

तुम्ही लिहिलंय की तुमचे सीनियर म्हणतात, ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता वायरी खोचून सर्किट जोडायचा बोर्ड) जुना झाला, गेट्स आणि फ्लिप-फ्लॉप सिम्युलेटरवर उरका आणि थेट व्हेरिलॉगला, म्हणजे कोड लिहून सर्किट मांडायच्या भाषेला, लागा. हेच आमच्या विभागात ऐकलं आणि त्यापायी चांगले चालू ट्रेनर किट कपाटात गेलेले पाहिले, म्हणून उत्तर लिहायला बसलो. माझं मत स्पष्ट आहे: ब्रेडबोर्डला हात न लावता हा विषय अर्धाच येतो.

मी पॉलिटेक्निकच्या डिजिटल लॅबमध्ये सहाय्यक आहे. एका बॅचमध्ये एक मुलगी होती, के-मॅप (लॉजिक सोपं करायचा तक्ता) झरझर सोडवायची, ओरलला कधी अडखळायची नाही. तिला 0 ते 9 मोजणारा काउंटर करायचा होता. मोजणारा आयसी 7490, पुढे ते आकडे डिस्प्लेसाठी बदलून देणारा 7447, त्यापुढे कॉमन अ‍ॅनोड सेव्हन सेगमेंट डिस्प्ले. सिम्युलेटरवर तो घरूनच चालवून आणला होता. ब्रेडबोर्डवर जोडून पाच व्होल्ट दिले तर डिस्प्लेवर 9. क्लॉक द्या, नका देऊ, 9च. सर आले, "आयसी गेलाय, बदला" म्हणाले. बदलला, तरी 9. मग "सगळा लॉटच खराब दिसतोय" म्हणून ते पुढच्या टेबलाकडे गेले.

मी तिच्या हातात मल्टिमीटर दिला आणि सांगितलं, काही बदलू नकोस, एकेक पिन मोज. 6 आणि 7 नंबरच्या पिनांवर धड शून्य नाही, धड पाच नाही, मधलंच काहीतरी. दोन्ही मोकळ्या सोडलेल्या. टीटीएलमध्ये (या जुन्या 74 मालिकेच्या आयसींमध्ये) मोकळा इनपुट 1 धरला जातो, आणि 7490च्या या दोन्ही पिना 1 झाल्या की तो 9 वर जाऊन बसतो. शून्यावर आणणाऱ्या 2 आणि 3 याही मोकळ्याच होत्या, पण 9 वाल्यांपुढे त्यांचं चालत नाही. म्हणजे आयसी डेटाशीटबरहुकूम वागत होता! चारही पिना ग्राउंडला दिल्या आणि मोजणी सुरू झाली.

मग दुसरी अडचण आली. बटण एकदा दाबलं की आकडा 2 वरून 5 वर. बटणाचा पत्रा टेकताना काही मिलिसेकंद उसळतो, आणि काउंटर प्रत्येक उसळी मोजतो. 7400 मधली दोन नॅन्ड गेट्स एकमेकांत अडकवून लॅच (पहिल्या स्पर्शालाच स्थिती धरून ठेवणारं सर्किट) केला, दोन बाजूंना टेकणारा (एसपीडीटी) स्विच लावला, आकडा एकेकाने पुढे जाऊ लागला. एसआर लॅचचं ट्रुथ टेबल तिच्या जर्नलमध्ये आधीपासून होतं, सहीसकट. तो लॅच कशाला हवा असतो, हे त्या दुपारी कळलं.

"मुलांचा वेळ वायरी शोधण्यात जातो" हे कारण देऊन पुढे आमची प्रॅक्टिकल्स पडद्यावर नेली. पडद्यावरचं बटण उसळत नाही, तिथे वायर सैल होत नाही. मग मुलांनी शोधायचं काय?

सामान पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळेल. 7400, 7474, 7490, 7447 आणि 104 छापलेले (0.1 मायक्रोफॅरडचे) कपॅसिटर, प्रत्येक आयसीच्या सप्लाय पिनांना चिकटून एक. 7490 ला सप्लाय 5 आणि 10 वर असतो, 14 आणि 7 वर नाही. नावात एलएस असलेले (टीटीएल) आणि एचसी असलेले (सीमॉस) आयसी मिसळू नका: एलएसच्या आउटपुटवर 1 ची हमी 2.7 व्होल्टची, पाच व्होल्टवरच्या एचसीला 1 ओळखायला साधारण 3.5 लागतात. मिसळायचेच तर पुढचा आयसी एचसीटी घ्या. एचसीमध्ये मोकळा इनपुट 1 सुद्धा धरला जात नाही, कुठेही भरकटतो.

हेही खरं की आठ-दहा आयसींच्या पुढे ब्रेडबोर्डवर नुसता गुंता होतो. के-मॅप किंवा स्टेट डायग्राम तपासायला सिम्युलेटर उत्तम, आणि नोकरीसाठी व्हेरिलॉग यावंच लागतं.

पण सीनियरना एवढं जरूर विचारा: एफपीजीए (व्हेरिलॉगने आतलं सर्किट ठरवता येणारी चिप) बोर्डावरच्या बटणासाठी डिबाउन्सचा, म्हणजे उसळ्या गाळायचा, कोड का लिहावा लागतो, आणि बाहेरचा सिग्नल आत घेताना आधी दोन फ्लिप-फ्लॉपमधून का नेतात? आमच्या सरांनाही मी मीटिंगमध्ये हेच विचारलं होतं. त्यांनी विषय बदलला.