बुरशी लागलेलं कोंबड्यांचं खाद्य वाळवून चालतं का?

पावसाळ्यात भरून ठेवलेल्या मक्याच्या खाद्यात गोळे झालेत, कुबट वास येतोय. उन्हात वाळवून, बाइंडर (खाद्यातलं विष धरून ठेवणारी पावडर) घालून अंड्यावरच्या कोंबड्यांना घालू का, असं तुम्ही इंदूरहून विचारलंय.

नका घालू. उन्हानं ओल जाते, बुरशी वाढायची थांबते, पण तिनं आधीच सोडलेलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तसंच राहतं. भाजल्यानं किंवा पेलेट (दाबून केलेल्या गोळ्या) केल्यानंही ते पुरतं जात नाही. गोळे वेचून उरलेलं खाद्य वापरण्यातही धोका आहे, कारण दिसायला स्वच्छ भागातही विष असू शकतं. आणि ‘फेकण्यापेक्षा गाईला’ हा विचार तर मुळीच नको, ते दुधात उतरतं.

बाइंडरमधली बेंटोनाइटसारखी माती आतड्यात अफ्लाटॉक्सिन धरून ठेवते, टी-२ सारख्या बुरशीच्या दुसऱ्या विषांवर मात्र ती फारशी चालत नाही. प्रोपिऑनिक आम्लाचं काम वेगळं: ते बुरशी वाढू देत नाही, झालेलं विष काढत नाही. दुकानात दोन्हींना सरसकट ‘फफूंद की दवा’ म्हणतात, म्हणून पाकिटावरचा घटक वाचून घ्या.

खरा बंदोबस्त मका घेतानाच करायचा. छावणी मंडीतून घ्या की थेट शेतकऱ्याकडून, ओल १३ टक्क्यांच्या वर नको. मीटर नसेल तर कोरड्या काचेच्या बरणीत एक तृतीयांश मका घ्या, तव्यावर कोरडं केलेलं दोन चमचे मीठ टाका, झाकण लावून दोन-तीन मिनिटं हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं, तर ओल साधारण १५ टक्क्यांच्या वर आहे. मीठ मोकळं राहिलं म्हणजे १३ च्या आत आहे असं मात्र नाही. फुटके, किडके दाणे चाळून काढा. साल फुटलं की बुरशीला वाट मिळते.

पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दीड-दोन फूट लांब ठेवा. दळलेलं खाद्य पावसाळ्यात आठ-दहा दिवसांपुरतंच करा.

हे खाद्य आधीच घातलं असेल तर लगेच बदला. अंडी घटली, तुरे फिके पडले किंवा मर लागली, तर ताजी मेलेली कोंबडी महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तपासायला न्या. पिवळट, सुजलेलं, बोटानं दाबताच भुगा होणारं यकृत दिसलं, तर पहिला संशय अफ्लाटॉक्सिनचाच. सोबत एकाच पोत्यातलं मूठभर खाद्य नेऊन उपयोग नाही. विष सगळीकडे सारखं नसतं, त्यामुळे दहा-बारा पोत्यांतून, वरून-मधून-खालून काढा आणि एकत्र कालवून त्यातलं किलोभर कागदी पिशवीत द्या. प्लास्टिकमध्ये वाटेतच घाम धरतो.