वाचकांचे प्रश्न : परसातले पक्षी आणि लेकराची वही

प्रश्न : आम्ही विश्रामबागला राहतो. घरामागं थोडी जागा आहे, शेवगा, पेरू, जास्वंद असं काय काय लावलंय. मुलगी तिसरीत आहे, तिला पक्ष्यांचं भारी वेड, म्हणून चांगली जाड वही आणली, तारीख, वेळ, नाव, रंग असे रकाने आखून दिले. थोडे दिवस लिहिलं आणि आता वहीला हात लावत नाही. शिवाय तिचा एक प्रश्न मला सुटत नाहीये. शेपूट उभी करणारा एक काळा-पांढरा पक्षी रोज येतो, ती म्हणते ते दोन वेगळे आहेत, मला तर एकच वाटतो. कोणाचं खरं?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : ताई, लेकीचं खरं असणार असं मला वाटतंय. आपल्याकडं परसात येणारे आणि शेपूट वर करणारे असे दोन पक्षी आहेत, दयाळ आणि चिरक, आणि घाईत बघितलं तर भलेभले गोंधळतात.

दयाळ साधारण बुलबुलाएवढा. पोट पांढरं, पंखावर खांद्यापासून मागंपर्यंत लांब पांढरा पट्टा, शेपटीच्या कडाही पांढऱ्या. चिरक त्याच्यापेक्षा लहान, चिमणीहून थोडासाच मोठा आणि पोटासकट सगळा काळा. पांढरं फक्त खांद्यावर, तेही नुसता बसलेला असला तर कधी कधी दिसत नाही, उडाला की एकदम चमकतं. पण चिरकाची पक्की खूण शेपटीखाली आहे, त्यानं शेपूट उभी केली की खालची पिसं विटकरी दिसतात. लेकीला तेवढंच बघायला सांगा, पोट पांढरं का काळं आणि शेपटीखाली काय. बसायच्या जागेवरूनही अंदाज येतो. दयाळाला झाडाची सावली, कुंड्यांच्या मधली ओली माती, पाचोळा असलं आवडतं, चिरक मात्र कंपाउंडची भिंत, दगडाचा ढीग, उघडी कोरडी जागा धरून असतो.

माद्या अजून वेगळ्या. दयाळाच्या मादीत काळ्याच्या जागी राखाडी रंग असतो आणि चिरकाची मादी तपकिरी, पण शेपटीखालचा विटकरी रंग तिलाही असतोच. म्हणजे दोन पक्षी आणि चार रूपं, त्यामुळं पोरगी उद्या "चार आहेत" म्हणाली तरी तिला लगेच खोडू नका. आणि नेटवर फोटो बघताना एक ध्यानात ठेवा, उत्तर भारतातल्या चिरकाच्या नराची पाठ तपकिरी असते, आपल्या दक्षिणेकडच्या नराची काळी, तेव्हा फोटोशी जुळत नाही म्हणून चिरक नाही असं धरू नका.

आता वहीचं. मला विचाराल तर ती रकान्यांमुळं बंद पडली. नावाचा रकाना समोर आला की नाव माहीत नसलेला पक्षी लिहायचाच नाही असं मूल आपसूक ठरवतं, आणि सुरुवातीला तर जवळजवळ कुठलंच नाव माहीत नसतं. म्हणून नाव सगळ्यात शेवटी, नाही सापडलं तरी चालेल. आधी तिनं हे सांगायचं की पक्षी केवढा होता, चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा. कुठं बसला होता, जमिनीवर, फांदीवर, तारेवर. चोच कशी, दाणे फोडणारी जाड, की फुलात घालायची बारीक वाकडी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काय करत होता, कारण कोतवाल तारेवरून झेप घेऊन हवेतला किडा पकडून परत तारेवर येऊन बसतो हे एकदा डोळ्यांनी बघितलं की ते पोर कोतवाल जन्मात विसरत नाही, पुस्तकात दहादा वाचून सुद्धा तसं होत नाही. रंगावर फार भिस्त ठेवू नका. जास्वंदीवर येणारा जांभळा शिंजीर सावलीत नुसता काळा दिसतो, उन्हात आला की निळा-जांभळा झळकतो, आणि विणीचा हंगाम सरला की तोच नर मादीसारखा पिवळट होतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद रेघ उरते. कोकिळेचं तर विचारूच नका, नर काळाभोर आणि मादी तपकिरी, अंगभर ठिपके, लालबुंद डोळे तेवढे दोघांना, तरी मोठी माणसं सुद्धा तिला वेगळाच पक्षी समजतात.

चित्र तिलाच काढू द्या, कसंही येऊ दे. शुद्धलेखन तपासायचं नाही, ही शाळेची वही नाही. नाव माहीत नसेल तर तिनं स्वतः ठेवावं, "शेपटीवाला", "चिडका", काहीही, आणि मग खरं नाव कळलं की शेजारी दुसऱ्या रंगाच्या पेनानं लिहायचं, पहिलं खोडायचं नाही. सकाळी शाळेआधी दहा मिनिटं, रोज एकाच जागी बसून बघायचं, एवढं पुष्कळ झालं. ज्या दिवशी कोणी आलं नाही त्या दिवशी "कोणी आलं नाही" असं लिहायचं, ती सुद्धा नोंदच आहे.

तारीख मात्र न चुकता घाला, तेवढा एक रकाना राहू द्या. पावशा पहिल्यांदा कधी ओरडला, थंडीत धोबी पाण्याच्या कडेला शेपूट हलवत कधी दिसायला लागला, हुरड्याच्या दिवसांत भोरड्यांचे, म्हणजे गुलाबी मैनांचे थवे कधी आले, हे पुढच्या वर्षी जुनी पानं उलटून ताडून बघता येतं. जतकडं कोणी नातेवाईक असतील तर भोरड्या ज्वारीवर कशा तुटून पडतात ते लेकीला दाखवाच, तिकडच्या शेतकऱ्यांना त्या नकोशा वाटतात हेही तिला कळू दे, पण युरोपच्या पूर्वेकडून आणि मध्य आशियातून एवढं अंतर उडून तो पक्षी आपल्या रानात येतो हे ऐकून पोरांचे डोळे विस्फारतात.

प्रश्न : मी साताऱ्यात शाहूपुरीत राहतो, नातू दुसरीत आहे. उन्हाळ्यात दिवसभर "टुक टुक टुक" असा एकसारखा आवाज येतो पण पक्षी काही दिसत नाही. मुलानं मोबाईलवर आवाजावरून पक्षी ओळखणारं ॲप घालून दिलंय, ते बरोबर सांगतं का? नातवाला त्याची फार गंमत वाटते पण आता तो झाडाकडं बघायचं सोडून मोबाईलकडंच बघतो.
(एक आजोबा, सातारा)

उत्तर : आजोबा, तो तांबट. दिसत नाही कारण तो आहे चिमणीएवढा, अंगानं हिरवा आणि बसतो झाडाच्या शेंड्याला. सकाळी कोवळ्या उन्हात वड, पिंपळ, उंबर असल्या झाडांच्या वरच्या वाळक्या फांद्या नीट न्याहाळा, ऊन खायला तिथं येऊन बसतो. कपाळ आणि छाती लाल, गळा पिवळा, जाड चोच आणि तिच्या बुडाशी मिशांसारखे राठ केस. घरात दुर्बीण असेल तर नातवाच्या हातात द्या आणि ओरडताना त्याची चोच बघायला सांगा, ती बंदच असते, गळा फुगतो आणि प्रत्येक "टुक"ला डोकं हलतं. मान या बाजूला वळली की आवाज इकडून आल्यासारखा वाटतो, त्या बाजूला वळली की तिकडून, म्हणून माणूस भलत्याच झाडाखाली शोधत राहतो. त्याचं घर म्हणजे वाळक्या, मऊ लाकडाच्या फांदीत कोरलेलं गोल भोक, तेव्हा शेवग्याची वाळकी फांदी अंगावर पडण्यासारखी नसेल तर तोडू नका.

ॲप वाईट नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचं मर्लिन फुकट आहे, भारतातल्या पक्ष्यांचा पॅक त्यात उतरवून घ्या आणि आपलं ठिकाण बरोबर टाका, नाहीतर भलतीच नावं येतात. पण ॲपनं सांगितलं म्हणजे फक्त एक अंदाज मिळाला. ट्रॅफिक, कुत्रं, शेजारचा मिक्सर चालू असेल तर ते सुद्धा चुकतं, आणि दयाळ, कोतवाल हे दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करण्यात पटाईत. घरात एक नियम करून टाका, डोळ्यांनी बघितल्याशिवाय वहीत नाव जाणार नाही, नुसता ऐकला असेल तर समोर कानाचं चित्र काढायचं. क्रम पण उलटा करा, आधी नातवानं ओळखायचं आणि मग ॲपला विचारायचं. आणि मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलावू नका, हे कळकळीनं सांगतो, त्याला वाटतं दुसरा नर आपल्या हद्दीत घुसलाय, मग तो खाणंपिणं, पिल्लं सोडून भांडायला धावत येतो.

नोव्हेंबरमध्ये ५ ते १२ तारखेला आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो, ५ ला मारुती चितमपल्लींची जयंती आणि १२ ला डॉ. सलीम अलींची. त्या सुमारास खटाव तालुक्यातल्या मायणीला पाणी कितपत आहे ते विचारून नातवाला घेऊन जा, पाणपक्षी दाखवायला जागा चांगली आहे.

प्रश्न : अंगणात बुलबुलाचं पिल्लू पडलंय, उडता येत नाहीये. पोरं म्हणतात खोक्यात ठेवून पाळू. माणसाचा हात लागला तर आई घेत नाही ना?
(एक वाचक, मिरज)

उत्तर : हात लागल्यानं आई पिल्लू टाकत नाही, ही भीती मनातून काढा. पिसं फुटली असतील, शेपूट आखूड असेल आणि टुणटुण उड्या मारत असेल तर ते पडलेलं नाही, उडायला शिकतंय आणि आईबाप तिथंच कुठंतरी चोचीत किडा धरून तुम्ही बाजूला व्हायची वाट बघतायत. हलकेच उचलून जवळच्या झुडपात फांदीवर ठेवा आणि सगळे घरात जा, खिडकीतून बघा, पोरांना वहीत लिहायला यासारखं दुसरं काही नाही. अजून उघडं-बोडकं असेल आणि घरटं दिसत असेल तर परत घरट्यात ठेवा. दूध, पाव, चोचीत पाण्याचे थेंब यातलं काही नको, पाणी श्वासनळीत गेलं तर पिल्लू मरतं. पाळायचं तर अजिबात नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडचे रानपक्षी असे पाळता येत नाहीत. जखमी असेल तर वन विभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा. आणि घरात मांजर असेल तर दोन-चार दिवस तिला दिवसा आतच ठेवा.