कोलकात्याच्या चायनाटाउनला मुलं नेताना

टिरेट्टा बाजार आणि टांग्रा या दोन्ही चिनी वस्त्या एका दिवसात होतात, पण क्रम उलटवू नकोस. टिरेट्टातली चिनी न्याहारी रविवारी पहाटेच सुरू होते, आठनंतर बाव (सारण भरलेले वाफवलेले पाव) आणि फिशबॉल सूप संपतं. साडेसहाला पोद्दार कोर्ट या इमारतीपाशी हजर हवं. पंधराच्या वर मुलं असली तर दोन तुकड्या कर: एक खाईल, दुसरी सी इप या चिनी मंदिराकडे जाईल, नाहीतर गल्ली तुंबते आणि विक्रेते वैतागतात (रास्तच आहे). दहा-वीसच्या नोटा प्रत्येकाकडे असू देत. बऱ्याच पदार्थांत डुकराचं मांस असतं, म्हणून कोण काय खात नाही ते आदल्या दिवशीच विचार.

टांग्र्यात दुपारचं जेवण आणि चिनी काली मंदिर, एवढंच पुरे.

‘चीनहून कधी आलात?’ हा प्रश्न तिथल्या लोकांना विचारायचा नाही, हे मुलांना आधीच सांग. ही चिनी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या इथली. शिवाय हा प्रश्न बोचतो, कारण 1962 च्या युद्धानंतर भारतातल्या अनेक चिनी कुटुंबांना राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत डांबलं होतं.