भाला सुटल्यावर दोरीचं काय?

प्रश्न : ताई, पाठीवर हवेची टाकी न घेता, नुसता दम रोखून बुडी मारायला लागून मला दोन वर्षं झाली. मासे मारतो, रबर ताणून भाला सोडणाऱ्या बंदुकीने. बंदूक ९० सेंटिमीटरची, एका रबराची. बहुतेक वेळा ८ ते १२ मीटर खोलीवर, खडकाळ तळाशी असतो. बंदुकीबरोबर आलेली, भाला बंदुकीला बांधून ठेवणारी नायलॉनची दोरी आता खरवडली आहे. एक सोबती म्हणतो, डायनीमा घाल, ती तुटतच नाही. दुसरा म्हणतो, दोरीचं राहू दे, आधी बंदुकीला जादा दोरी सोडणारं रीळ बसव. तिसरा पाण्यावर तरंगणारा बोया ओढत फिरतो आणि या दोघांना हसतो. मी कोणाचं ऐकू? आणि बंदुकीच्या नळीवर दोरीचे वेढे किती घ्यायचे?

उत्तर : तिघंही आपापल्या जागी बरोबर असतील. त्यांना आधी एवढंच विचारा, की तुम्ही कुठे बुडी मारता आणि कोणत्या माशामागे असता.

दोरी घेताना बहुतेकांच्या डोक्यात भाला किती लांब जाईल हेच असतं. मी उलट्या बाजूने विचार करते. भाला लागलाय, मासा उधळलाय आणि माझ्या छातीत थोडाच दम शिल्लक आहे. आता हा मासा कुठे जाणार? आणि मला हातातलं सगळं टाकून सरळ वर निघता येईल का? या दोन प्रश्नांची उत्तरं आली की दोरी जवळजवळ ठरलीच.

तुमचा तळ खडकाळ, म्हणजे गोबऱ्यासारखा मासा कपारीत शिरणार आणि गालफडं फुगवून आत घट्ट बसणार. दोरी खडकाच्या धारेवर घासणार. अशा जागी मी डोळे झाकून १.६ ते १.८ मिलिमीटरची एकधागी नायलॉन घेते. ती ताठ असते, म्हणून सैल पडली तरी मोठ्या कमानीत पडते, स्वतःभोवती गाठी मारत नाही. गुळगुळीत असल्यामुळे शेवाळात, फटीत फारशी अडकत नाही. भिजली की नायलॉनची ताकद दहा-पंधरा टक्के घटते, हे खरं. पण एवढ्या जाडीत हाताशी इतकी ताकद असते, की तुमच्या नेहमीच्या माशांपुढे ती घट जाणवणारही नाही. तिचा खरा शत्रू चीर. एक बारीक चीर पडली की पुढच्या झटक्याला ती तिथेच तुटते.

आता डायनीमा. हे एका कंपनीचं व्यापारी नाव, पण सगळे विणलेल्या दोरीलाच डायनीमा म्हणतात. मूळ माल पॉलिथिलीन, फक्त त्याच्या साखळ्या फार लांब. त्याच जाडीच्या नायलॉनपेक्षा ती कितीतरी दणकट, ताणली तर जेमतेम वाढते आणि पाण्यात तिची ताकद कमी होत नाही. मग मी ती का टाळते? माझ्या एका बुडीमुळे.

तेव्हा माझ्या बंदुकीला दोन वेढ्यांची डायनीमा होती, नवी, पांढरी, मऊ. १४ मीटरवर कपारीच्या तोंडाशी एका गोबऱ्याला भाला मारला. तो आत जाण्याऐवजी एका उभ्या दगडाला फेरी मारून माझ्या खालून निघाला. नायलॉन पाण्यापेक्षा जड, बुडते. डायनीमाची घनता ०.९७, म्हणजे ती तरंगते. दगडामागे सैल पडलेला फास सावकाश वर आला आणि माझ्या डाव्या पायातल्या फिनच्या टाचेच्या बकलात बसला. मला तो लागलाही नाही. वर निघाले तेव्हा कळलं, की पाय येत नाही. सुरी कुठे होती? डाव्याच पोटरीला, फासाच्या चार बोटं वर. वाकून, चाचपडत ती काढली. मऊ, निसरडी डायनीमा पात्यावर पळत होती, सुरीच्या दातेरी धारेने तीन वेळा ओढल्यावर सुटली. मासा गेला, भाला गेला. पृष्ठभागावर सोबती माझ्या तोंडाकडे बघत होता आणि मी नुसते श्वास मोजत होते.

दोरी वाईट नव्हती. मी ती चुकीच्या जागी, गरजेपेक्षा दुप्पट लांब आणि सुरी भलत्या पायाला बांधून वापरत होते. तेव्हापासून माझी सुरी पट्ट्याला पुढच्या बाजूला असते, दोन्ही हात पोचतील अशी. शिवाय एक छोटा दोरी-कापा दंडावर. तुम्ही दोरी बदलणारच आहात, तर त्याच दिवशी हेही करा.

वेढ्यांचं गणित सोपं आहे. दोरी भाल्याच्या शेपटाजवळच्या भोकातून निघून नळीच्या तोंडाशी येते, तिथून मागे चापाजवळच्या खुंटीला जाते, पुन्हा तोंडाशी येते. हा एक वेढा. म्हणजे नळीची लांबी तीनदा मोजायची. तुमच्या ९० सेंटिमीटरला साधारण २.७ मीटर. भाला स्वतः सव्वा मीटरच्या आसपास धरला, तर टोक नळीच्या तोंडापासून चारेक मीटरवर जाऊन थांबतं. एका रबराची बंदूक त्याच्या अलीकडेच जोर गमावते. दुसरा वेढा घेतलात तर दोरी ४.५ मीटर होईल आणि त्यातला पुढचा भाग फक्त गुंता करायला उपयोगी पडेल. मोकळ्या पाण्यात, दोन-तीन रबरांच्या लांब बंदुकीला दोन वेढे शोभतात. तुम्हाला एक पुरे.

नळीच्या तोंडाशी, जिथे दोरी बांधता, तिथे बंजीचा, म्हणजे ताणणाऱ्या रबरी दोरीचा, छोटा तुकडा हवा. त्याची दोन कामं: वेढा ताणून धरणं आणि भाला दोरीच्या टोकाला पोचला की झटका पोटात घेणं. नायलॉन थोडी ताणते तरी, डायनीमाला बंजी नसेल तर सगळा झटका भाल्याच्या भोकावर बसतो. वेढा असा हवा, की बोटाने छेडला तर थरथरेल, पण खुंटीवर चढवताना दात-ओठ खावे लागणार नाहीत. आधी भाला बसवायचा, मग दोरी, सगळ्यात शेवटी रबर. पाण्यातच, आणि तोंड माणसांपासून दूर. दोरी रबरावरून किंवा रबराच्या आतून गेलेली नाही ना, हे मी प्रत्येक वेळी बोट फिरवून बघते. तशी गेली असेल, तर भाला कुठे जाईल ते भाल्यालाही माहीत नसतं.

राहिलं रीळ की बोया. रीळ मला आवडतं. ४०-५० मीटर बारीक दोरी त्यात मावते, मागे काही ओढावं लागत नाही, गुहेच्या तोंडाशी किंवा दाट शेवाळात तेच बरं. पण रिळावर मासा असताना तुम्ही मुठीला चिकटून राहता. मन सोडायला तयार होत नाही, कारण बंदूक आपली, भाला आपला, मासाही आता आपलाच वाटायला लागलेला असतो. रीळ ऐन वेळी अडकलं तर ओढाताण तुमच्या आणि माशाच्या मध्ये सुरू होते. ते बहुधा अडकतं दोन कारणांनी: दोरी सैल गुंडाळलेली असते, नाहीतर ब्रेक इतका ढिला असतो की चक्री दोरीपेक्षा पुढे पळते आणि आत घरटं तयार होतं. भरताना दोरी ओल्या फडक्यात चिमटून, ताण देऊन भरा.

बोया असेल तर बंदुकीच्या मुठीला मागून लांब दोरी, तिच्या टोकाला बोया. भाला लागला, मासा कपारीत गेला, तर बंदूक सोडायची आणि वर यायचं. सगळं बोयाला बांधलेलं आहे, कुठे जात नाही. वर येऊन पुरेसा दम घ्यायचा. मी निदान बुडीच्या दुप्पट वेळ थांबते, मासा झुंजला असेल तर त्याहून जास्त. मग सोबती पाहत असताना खाली जायचं. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणून तिथे अंगातला थोडासा ऑक्सिजनही पुरतोय असं वाटतं. वर येताना दाब निम्मा होतो आणि माणसं शेवटच्या काही मीटरमध्ये, कधी तर पहिला श्वास घेतल्यावरही, शुद्ध हरपतात. खाली माशाशी घातलेली दहा सेकंदांची ओढाताण तिथे भोवते. म्हणून एक खाली असताना एक वर, हा नियम दोरीच्या कुठल्याही प्रकाराने बदलत नाही. शिवाय बोयावर झेंडा लावता येतो, होडीवाल्याला तुम्ही दिसता.

तेव्हा तुमच्यासाठी माझं मत: १.६ची नायलॉन, एक वेढा, तोंडाशी बंजी, मागे बोया. बोयाची दोरी तुमच्या खोलीपेक्षा बरीच लांब ठेवा, १२ मीटरला २० तरी. हसणाऱ्या सोबत्याचं ऐका, पण हसू नका. रीळ पुढच्या वर्षी.

प्रश्न : माझी नायलॉनची दोरी स्प्रिंगसारखी वळते आणि क्रिंपमधून, म्हणजे फास पक्का करायला दाबतात त्या धातूच्या छोट्या नळकांड्यातून, दोनदा निसटली. एकदा भाला त्यामुळेच गेला. गाठ मारू का?

उत्तर : जाड नायलॉनला गाठ मारू नका, ती बसतही नाही आणि जिथे वळते तिथेच कमजोर होते. वळलेली दोरी गरम पाण्यात, उकळत्या नाही, थोडा वेळ ठेवा आणि दोन्ही टोकं धरून ताणून गार होऊ द्या. सरळ होईल. उन्हात वर्षभर पडलेली असेल तर सरळ करण्यात अर्थ नाही, फेकून द्या.

क्रिंप निसटतो म्हणजे बहुधा तो मोठा आहे. दोन भोकांचा घ्या, दोरी प्रत्येक भोकातून जेमतेम सरकेल असा. दोरी एका भोकातून घाला, भाल्याच्या भोकातून काढा, दुसऱ्या भोकातून परत आणा. फास छोटा ठेवा, करंगळीचं पेरही जाणार नाही इतका. मोठा फास भोकावर मागे-पुढे घासत बसतो. टोक दोन-तीन मिलिमीटर बाहेर ठेवून लायटरच्या आचेजवळ धरा, पेटवू नका. ते वितळून छोट्या टोपीसारखं गोल होतं. शेजारची दोरी आचेपासून बोटाने दूर धरा. मग टोपी क्रिंपला टेकेपर्यंत मागे ओढा आणि दाबायला घ्या. साध्या पकडीने नाही, क्रिंपच्या मापाची खाच असलेल्या पकडीने. मधोमध दाबा, मग बाजूंना. पण दोन्ही कडा, एकेक मिलिमीटर, न दाबता सोडा. कडा दाबली की धातूची धार दोरीत रुतते आणि चीर तिथेच सुरू होते. न दाबलेली कड घंटेच्या तोंडासारखी किंचित उघडी दिसली पाहिजे.

शेवटी फासात काहीतरी दांडा घालून, दोरी दुसऱ्या टोकाला पक्की करून, अंगाचा भार टाका. निसटायचं असेल तर तिथे निसटू दे.

भाल्याचं भोकही तपासा. नव्या भाल्याच्या भोकाला कधी कधी धार असते. बारीक पॉलिश कागदाची सुरळी करून त्यातून फिरवली की काम होतं. प्रत्येक बुडीच्या दिवशी मी भाल्याजवळच्या वीतभर दोरीवरून नख फिरवते. नख अडकलं की तेवढा तुकडा कापायचा आणि नवा फास. ॲल्युमिनिअमच्या क्रिंपवर पांढरी भुकटी दिसली तर तो स्टीलच्या भाल्याच्या संगतीने खाऱ्या पाण्यात गंजतोय, तोही बदला. गोड्या पाण्याने धुवायचा आळस करू नका, हे मी स्वतःलाच सांगतेय.

प्रश्न : आम्ही दोघी आता मोकळ्या, निळ्या पाण्यात मोठ्या ट्युनासाठी जाणार आहोत. बोयाची दोरी मुठीलाच ठेवायची का?

उत्तर : नाही. तिथे बोयाची दोरी थेट भाल्याच्या दोरीच्या टोकाला जोडतात. ते टोक नळीपाशी हलकंच अडकवलेलं असतं. माशाने ओढ घेतली की ते सुटतं, मासा दोरी आणि बोया घेऊन पळतो आणि रिकामी बंदूक तुमच्या हातात राहते. जोडाच्या जागी चांगली फिरकी, म्हणजे स्वतःभोवती फिरणारी कडी, हवी. ट्युना गोल गोल फिरतो आणि पीळ सगळा दोरीत चढतो.

बोयाची दोरी जाड घ्या, हातात धरता येईल अशी, प्लॅस्टिकच्या नळीत दोर असलेली. ती पाण्यात सुतासारखी सरळ पडते. अधे-मध्ये ताणणारा बंजीचा तुकडा असला तर भाल्याचा काटा मांसातून फाटून निघत नाही. बारीक डायनीमा हातात धरून मासा ओढायला गेलात तर ती तळव्यात जाते, हातमोज्यासकट. आणि पळत्या दोरीचा वेढा हाताभोवती कधीही घेऊ नका, एक बोटही नाही. ती मुठीतून सरकू द्या, जड झाली की सोडा, बोया तुमच्यासाठीच ओढत असतो. एकीने दोरी सांभाळायची, दुसरीने फक्त तिच्याकडे बघायचं. माशाकडे दोघींनी बघायचं नाही.

प्रश्न : दातवाले मासे दोरी कापतात. पूर्ण स्टीलची केबल बसवू का?

उत्तर : बसवू नका. केबलला एकदा मुरड पडली की ती सरळ होत नाही आणि तिथूनच एकेक तार सुटून बोटात घुसते. मुख्य म्हणजे ती पायात अडकली तर सुरीने कापता येत नाही. ज्याचं टोक सुटून माशात राहतं, अशा भाल्याला टोकाजवळ बोटभर-वीतभर केबल चालेल, त्यापुढे नायलॉनच, आणि ती दर बुडीनंतर तपासायची. माझ्याकडेही हौसेने घेतलेली केबल आहे. सध्या तिच्यावर ओले हातमोजे वाळत असतात.