मरळीच्या स्पर्धेआधी नावेची तयारी

आपण प्रथमच मरळ मासा पकडण्याच्या स्पर्धेत उतरत आहात, म्हणून गळाआधी नावेविषयी लिहितो. नागपूरच्या आसपासच्या पाणवनस्पतींनी भरलेल्या तलावांत नवखा माणूस बहुधा स्वतःच्या नावेतील आवाजामुळेच हरतो. मरळ उथळ पाण्यात वनस्पतींच्या आडोशाला दबा धरून बसतो आणि सामानाचा डबा नावेच्या तळावर आपटला की निसटतो. त्यामुळे नावेच्या तळावर जाड रबरी चटई अंथरावी, वल्ह्यांच्या खोबणींना सुती चिंध्या गुंडाळाव्यात आणि नांगर म्हणून दोरीला बांधलेली वाळूची पिशवी वापरावी. साखळीचा नांगर टाकून मी एकदा पहाटेचे मोलाचे दोन तास घालवले आहेत.

हा मासा हवेतूनही श्वास घेतो. पाण्यावर बुडबुडा फुटून वर्तुळ उमटले की त्याच्या थोडे पुढे रबरी बेडूक, म्हणजे गळ लावलेले बेडकाच्या आकाराचे नकली आमिष, टाकावा. माशाची झेप पडताच हिसका न देता दोरी ताणली जाईपर्यंत थांबावे, कारण घाईत बेडूक रिकामाच परत येतो.

पावसाळ्यात तांबूस पिलांचा थवा पृष्ठभागावर खळबळताना दिसला, तर त्याखाली आईबाप राखण करत असतात. तेथे गळ टाकू नका, गुण गेले तरी चालतील. मासा सोडायचा असेल तर हात आणि मोजपट्टी आधी ओली करा.

जीवरक्षक जाकीट अंगातच असावे. तलावाचा ठेका असलेल्या मच्छीमार संस्थेची परवानगी आधी घ्या. पेंच व्याघ्र प्रकल्पातील तोतलाडोह जलाशयात मात्र मासेमारीला बंदी आहे.