अलीकडच्या जर्मन इलेक्ट्रॉनिक संगीतात क्राउटरॉक (सत्तरच्या दशकातलं प्रायोगिक जर्मन रॉक) कुठे ऐकू येतं? त्यातला ठेका घरच्या कॉम्प्युटरवर कसा बसवायचा?

सुरुवात ड्युसेलडॉर्फच्या क्राइडलर या बँडपासून करा. मग बर्लिनचे टू रोकोको रॉट आणि कॅमेरा हे बँड. 'कॅन' या क्राउटरॉक बँडचा ड्रमर याकी लीबेत्साइट पुढे इलेक्ट्रॉनिक संगीतकार बर्न्ट फ्रीडमनबरोबर वाजवायचा, ते तर ऐकाच. तिथे चारचा सरळ ताल क्वचितच सापडतो. माउस ऑन मार्स ही जोडी थोडी खट्याळ आहे, नंतर ऐकले तरी चालेल.

क्राउटरॉकच्या सरळ, न थांबणाऱ्या ठेक्याला 'मोटोरिक' म्हणतात. त्यासाठी 'नॉय!' बँडचा ड्रमर क्लाउस डिंगर याचं नाव घेतात (त्याला स्वतःला हा शब्द आवडत नसे). १६ पायऱ्यांच्या सिक्वेन्सरमध्ये (ठोके पायरीपायरीने मांडायचं साधन) किक (मोठा ड्रम) १, ३, ७, ९, ११, १५ वर, स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) ५ आणि १३ वर, हाय-हॅट (झांजांची जोडी) प्रत्येक विषम पायरीवर. वेग मिनिटाला १२० ठोके ठेवलात तर सिंथवर ३७५ मिलिसेकंदांचा डिले (प्रतिध्वनी) चपखल बसतो. स्विंग (ठोके किंचित मागेपुढे सरकवणं) शून्य.

बहुतेकांचं बिघडतं ते दर आठ मात्रांनी फिल (ड्रमचा सजावटीचा तुकडा) टाकल्यामुळे किंवा टेक्नोसारखा 'ड्रॉप' (थांबून ठेका जोरात परत आणणं) आणल्यामुळे. मग ओढ तुटते. ठेका आणि बेसचा एकच सूर दहा मिनिटं तसाच चालू द्या. बदल फक्त फिल्टर (आवाज उजळ किंवा मंद करणारा) आणि डिलेच्या फीडबॅकमध्ये (प्रतिध्वनी किती वेळा परत येतो त्यात) करा, तोही हाताने, सावकाश. फीडबॅक फार वाढवला तर मात्र सगळा चिखल होतो.